तळमजल्यावरच्या काकू आणि बखरकार

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजी तळमजल्यावरच्या काकूंना आपल्या चाळीच्या बखरकार का म्हणते? त्या तर काहीच लिहीत नाहीत!" इथे मस्कतला तेव्हा साडेसात वाजलेले, म्हणजे दादरला नऊ. आजीने तुला झोपायला पिटाळलं आणि प्रश्न माझ्या गळ्यात राहिला.

आधी एक गंमत कर. कागदावर 'खबर' लिही आणि पहिल्या दोन अक्षरांची अदलाबदल कर. झाली 'बखर'! खबर हा शब्द अरबीतून फारसीवाटे आपल्याकडे आला आणि कुठेतरी मराठी जिभेवर त्याची अक्षरं उलटली, असं बरेच अभ्यासक मानतात. ती बखर लिहिणारा तो बखरकार.

मग तुझ्या पुस्तकातला इतिहासकार वेगळा का? तर बखरकाराला बहुधा कोणीतरी 'लिही' म्हणून सांगितलेलं असायचं. कृष्णाजी अनंत सभासद घे. शिवाजी महाराज 1680 साली गेले. पुढे राजाराम महाराज पार दक्षिणेत जिंजीला होते, तेव्हा त्यांनी सभासदाला वडिलांची हकिकत पहिल्यापासून लिहायला सांगितली. सभासद जुना, पदरचा माणूस. त्याने बरंचसं आठवून लिहिलं. लिहिणारा विश्वासू आणि वाचणारा मुलगा, मग सिंहासन बत्तीस मण सोन्याचं होणारच! खरंच तेवढं होतं का, यावर लोक अजून वाद घालतात. पण महाराज त्याने जवळून पाहिलेले, म्हणून सभासदाला कोणी बाजूला ठेवत नाही.

असल्या आठवणींवर सगळ्यात जास्त डाफरले ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. कागद दाखवा, म्हणायचे. गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरची मोडी दप्तरं उपसून त्यांनी जुनी पत्रं गोळा केली आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने खंडावर खंड छापले. आणि मजा बघ, त्याच राजवाड्यांनी 1924 साली एक बखर स्वतः संपादून छापली. महिकावतीची बखर. महिकावती म्हणजे आपलं माहीम! तू शिवाजी पार्कला जातेस ना, तिथून पुढे चालत गेलं की लागतं ते. बखरींवर इतका चिडणारा माणूसही बखर टाकून देत नव्हता, हे मला फार आवडतं.

आता काकू. 26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा मी चाळीतच होतो. काकूंनी त्याच आठवड्यात सांगितलं, पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. गणपतीत ते गुडघ्यापर्यंत गेलं. माझ्या लग्नात कमरेला लागलं, आणि तुझ्या बारशाला तर काकू चक्क स्टुलावर उभ्या होत्या! पण त्या रात्री कोणाच्या घरी पिठलं शिजलं, कोणाचं बाळ कोणी वर नेलं, दिवे कधी आले, यातलं एक अक्षर काकूंनी कधी बदललं नाही. ते कुठल्याच कागदावर नाही. म्हणून आजी त्यांना बखरकार म्हणते. थोडी चेष्टा असते त्यात, पण नुसती चेष्टा नसते.

आणि एक. जिन्याखालच्या दाराची चौकट नीट बघ. त्या रात्री आजोबांनी पाणी होतं तिथे खिळ्याने रेघ ओढली होती. वर रंगाचे दोन हात बसलेत, पण बोट फिरवलंस तर लागेल. आजीच्या शिलाईच्या डब्यातली टेप घे, जमिनीपासून मोज आणि आकडा मला कळव.

काकूंना मात्र सांगू नकोस.

तुझा,
बाबा