उत्तर: करार चालू असताना मालक घर सोडा म्हणतोय

अकरा महिन्यांचा करार, त्यातले पाच शिल्लक, फ्लॅट विकायचाय म्हणून पंधरा दिवसांत सोडा, वर पाणी बंद. ताई, पुण्यात आमचंही अगदी हेच झालं होतं.

करार रजिस्टर्ड आहे असं धरतो. नसेल, तर नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 बघा.

आम्हाला सगळ्यात महाग पडली ती पोलिस चौकी. मालकाने पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला चक्क कुलूप घातलं होतं. चौकीतल्या साहेबांनी करार चाळला, "सिव्हिल मॅटर आहे, आपसात मिटवा" म्हणाले आणि अर्ज परत सरकवला. अर्ज घेतला नाही म्हणजे पोच नाही. पुढे डिपॉझिटवरून वाजलं तेव्हा मालक खुशाल म्हणतो, पाणी कधी बंदच नव्हतं! तेव्हा अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने ठाण्याला आणि आयुक्तालयाला पाठवा, कुलपाच्या फोटोसकट.

मी वकील नाही, पण माझं मत ऐका. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी मिळालेल्यांना, पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात राहणाऱ्या) भाडेकरूंसारखं संरक्षण नाही. मुदतीनंतर राहिलात तर मालक त्याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) जातो, भरपाई भाड्याच्या दुप्पट. समन्स मिळाल्यावर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागायची, नाहीतर मालकाचं म्हणणं मान्य धरतात. त्यांच्यासाठी एवढी झटपट सोय, आणि मुदतीच्या आत हुसकावलेल्याने कोर्टात तारखा मोजायच्या? बदलायला हवं ते हे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, पाणी-वीज तोडायला बंदी, आणि रेंट कोर्टाच्या आदेशाशिवाय मुदतीत बाहेर काढता येत नाही. पण तो नुसता नमुना, राज्याने कायदा केला तरच उपयोग. मुदतीनंतर राहिल्यास त्यात दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं आहे, ते मात्र जाचक. घर बळकावणारे असतात, मान्य, पण म्हणून सगळ्यांनाच चोर धरायचं? मालक मंडळी चिडतील, चिडू देत.

तुमच्या करारातलं नोटिशीचं कलम आज रात्रीच वाचा. एक महिना लिहिलं असेल तर त्यांचे पंधरा दिवस गेले उडत. लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट) दोघांना आहे की फक्त तुम्हाला, तेही बघा. एजंटांचे छापील मसुदे बहुतेक मालकाच्या बाजूने झुकलेले असतात.

आणि सोडायची वेळ आलीच तर भिंतींचा व्हिडिओ, लाईटच्या मीटरचा फोटो काढून ठेवा. पेंटिंगच्या नावाखाली डिपॉझिट कापतात. पैसे खात्यात दिसेपर्यंत चावी देऊ नका.