बी.ए. सायकॉलॉजी झालं, खानापूरला राहते. पुढे क्लिनिकल घेऊ की कौन्सेलिंग?

मानसिक आजार असलेल्या माणसांसोबत रोज बसायची तयारी असेल तर क्लिनिकल. पण नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला कोर्स आणि नंतर तिच्याकडे नोंदणी, दोन्ही लागतं. फी भरण्याआधी मान्यता परिषदेच्या वेबसाइटवर स्वतः तपासा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

मानसिक आरोग्याची मोठी संस्था म्हणून बेंगळुरूचं निम्हान्स सगळ्यांना ठाऊक असतं, पण तशीच धारवाडची संस्था, डिमहान्स, तुमच्या जवळ आहे. आपल्या भागात पेशंट कन्नडमध्ये बोलतो आणि सोबतची आजी मराठीत सांगते, "रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई बघा." दोघांचंही नीट कळणारं माणूस फार मोलाचं. म्हणून कन्नड आत्तापासूनच पक्कं करा, हे अगदी कळकळीनं सांगते.

शाळकरी मुलांत रमत असाल तर कौन्सेलिंग बघा, एम.ए. धारवाडला किंवा कोल्हापूरला होतं. कंपनीतल्या भरती-ट्रेनिंगची आवड असेल तर औद्योगिक मानसशास्त्र, मात्र नोकरीला बहुधा पुणे-बेंगळुरू गाठावं लागेल. आणि औषधं लिहून द्यायची असतील तर ही वाटच नाही, त्यासाठी एमबीबीएस करून सायकियाट्री करावी लागते.