वाचक विचारतात : आधार, योजना आणि आपली माहिती

प्रश्न : आधार क्रमांक दिला की सरकारला माझं सगळंच दिसतं का? (शहादा)

नाही. आधारच्या साठ्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, फोटो, दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आणि दिला असेल तर मोबाइल व ईमेल, एवढंच असतं. बँकेतली शिल्लक किंवा सातबारा तिथे नसतो. मात्र २९ सप्टेंबर २०१० रोजी तुमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, त्यानंतर तोच १२ अंकी क्रमांक रेशन, पीएम किसान, शिष्यवृत्ती, पेन्शन अशा खात्याखात्यांच्या याद्यांत जाऊन बसला. त्यामुळे दोन याद्या एकमेकींशी जुळवायला आता क्षणही लागत नाही. विचार करायचा तो या जुळवणीचा.

प्रश्न : ‘लाडकी बहीण’चे पंधराशे मिळायचे, आता पाचशेच येतात. जावेचे तर बंदच झाले. कारण म्हणे चारचाकी. त्यांच्या घरी सायकल आणि ट्रॅक्टर! (पारोळा)

तुमचे पाचशे बहुधा बरोबर आहेत. पीएम किसान आणि नमो शेतकरी या दोन्ही योजनांचे प्रत्येकी वर्षाला ६,००० मिळत असतील, तर महिन्याला हजार पडतात. पंधराशेतून ते वजा जातात. शेतकरी योजनांची यादी आणि बहिणींची यादी जुळवल्याचा हा परिणाम आहे. तुमच्या नावावर जमीनच नसेल, पीएम किसानचा हप्ता कधी आलाच नसेल, तर मात्र हरकत घ्या.

जावेचं प्रकरण वेगळं. नियमात चारचाकी चालत नाही, पण ट्रॅक्टर चालतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं. जावेच्या दिराची गाडी त्यात येत नाही, मग रेशनकार्ड एकत्र का असेना. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे जुनी गाडी विकली, पैसे हातात आले, पण फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदललंच नाही. कागदावर मालक अजून तुम्हीच. तिसरं कारण नावसाधर्म्य. एकाच गावात एकाच नावाचे तीन-चार पाटील असतात, आणि जिथे नुसत्या नावावर जुळवणी होते तिथे एकाची गाडी दुसऱ्याच्या माथी बसते.

म्हणून ‘मी पात्र आहे’ असा अर्ज करून भागत नाही. ‘कोणत्या वाहन क्रमांकामुळे अपात्र ठरवलं?’ असं लेखी विचारा. अर्ज तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात जा : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं ते असं : अपात्रतेचा आदेश, ज्या नोंदीवरून तो झाला ती नोंद, आणि पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद. ‘माझं नाव का वगळलं?’ असं ‘का’ विचारणारं काही लिहू नका. तेवढ्या एका शब्दावर अर्ज परत येऊ शकतो. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही.

प्रश्न : ओटीपी आला नाही, कोणाला दिलाही नाही, तरी अंगठ्यावर १०,००० निघाले. (चोपडा)

आधारवर पैसे काढायला बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट एवढं पुरतं. तिथे ओटीपी नसतोच. खरेदीखतावरच्या ठशांवरून सिलिकॉनचं बोट बनवल्याचे गुन्हे हरियाणा, तेलंगणात उघड झालेत.

आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा वेळी पैसे गेल्याचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर नुकसान तुमच्या माथी येत नाही आणि बँकेने १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यावर दाखवायची असते. हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे. शाखेत सांगत नसतील तर तुम्ही सांगा.

मग बायोमेट्रिक लॉक करा. माय आधारच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपमध्ये ते होतं, फक्त मोबाइल आधारला जोडलेला हवा. यानंतर रेशन दुकानात अंगठा लागणार नाही. मशीन बिघडलंय असं समजून दुकानदाराशी वाद घालू नका. तात्पुरतं अनलॉक करा, १० मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होतं. कापूस वेचून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्यांचा अंगठा लॉक नसतानाही लागत नाही, ते दुखणं वेगळं. तिथे नव्याने ठसे द्यावे लागतात. आधार कुठे-कुठे वापरलं गेलं, त्याची मागच्या ६ महिन्यांची नोंदही त्याच संकेतस्थळावर दिसते. आणि झेरॉक्स मागणाऱ्याला शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार द्या.

प्रश्न : शेतकरी ओळखपत्रासाठी संमतीवर टिक करावीच लागली. नवा कायदा आलाय ना? (साक्री)

आलाय, २०२३ चा, आपली डिजिटल वैयक्तिक माहिती कोणी कशी वापरायची ते ठरवणारा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शिवाय अनुदान किंवा लाभ देण्यासाठी सरकारला आधीच दिलेली माहिती पुन्हा संमती न घेता वापरण्याची मुभा त्यातच आहे. तेव्हा ती टिक नावापुरतीच. तुमच्या हातात आहे ती अचूकता : सातबाऱ्यावर ‘आबा’, आधारवर ‘आबासाहेब’ असेल तर आधी तलाठ्याकडे जाऊन नाव एक करून घ्या, गट क्रमांक आणि सामाईक क्षेत्रातला तुमचा हिस्सा पडद्यावर वाचा, मगच ओटीपी सांगा. तो ओटीपी म्हणजे तुमची सही असते.