माणसाच्या फुप्फुसांत नेमकी किती हवा मावते? आईच्या स्पायरोमेट्रीत 2.1 लिटर आलंय आणि जिना चढताना तिला धाप लागते. हे फार कमी आहे का?

छातीविकारांच्या दवाखान्यात मी रोज हीच तपासणी करते. फुप्फुसांत 6 लिटर हवा मावते असं सगळीकडे वाचायला मिळतं; आधी तो आकडा डोक्यातून काढा. तो उंचपुऱ्या, धडधाकट पुरुषाच्या दोन्ही फुप्फुसांच्या एकूण क्षमतेचा. स्पायरोमेट्री ती मोजतच नाही. छाती पूर्ण भरून जेवढी हवा बाहेर फुंकली, तेवढीच मशीनला कळते. जीव तोडून फुंकलं तरी लिटरभराहून थोडी जास्त हवा आत उरतेच, आणि ती उरते म्हणूनच फुप्फुसातले बारीक फुगे मिटून बसत नाहीत.

लंडनच्या जॉन हचिन्सननं 1846 साली दोन हजारांवर माणसांची फुंकर मोजून दाखवलं, की उंची वाढते तशी ही क्षमता वाढते. वय वाढतं तशी ती घटते. म्हणून आई साठीची आणि पाच फुटांच्या आसपास असेल, तर 2.1 ऐकून घाबरू नका. रिपोर्टमध्ये त्याच ओळीत अपेक्षित आकडा आणि टक्केवारी असते, ती बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली. 2.1 पैकी साधारण दीड लिटर तेव्हाच निघायला हवी. हे प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली असेल तर श्वासनळ्या अरुंद झाल्याची शंका येते. आईनं बरीच वर्षं चुलीपुढे काढली असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. बायका विडी-सिगारेट ओढत नाहीत म्हणून धुराचा विषयच निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता धापेबद्दल. शांत बसलेलो असताना एका श्वासात साधारण 500 मिलिलिटर हवा आत येते. त्यातली 150 नाक, घसा, श्वासनळ्या यांतच राहते, रक्तापर्यंत पोचतच नाही. मिनिटाला असे 12 श्वास घेतले तर कामाची हवा 4,200 मिलिलिटर. घाबरून 250-250 चे 24 श्वास घेतले तर ओढलेली हवा तेवढीच, 6 लिटर, पण कामाची फक्त 2,400! म्हणून जिन्यात मध्येच थांबून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला सांगा. बऱ्याच जणांना त्यानं आराम पडतो.

एक विचारून घ्या: आईनं किती वेळा फुंकलं? निदान तीन चांगल्या फुंकरी लागतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन 150 मिलिलिटरच्या आत जुळाव्या लागतात. नाकाला चिमटा, समोर अनोळखी माणूस, "सोडा, सोडा, अजून सोडा" असा आरडाओरडा. पहिल्यांदा आलेल्या बायका बिचकतात आणि अर्ध्यावर थांबतात. तसं झालं असेल तर तपासणी पुन्हा करून घ्या. पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं होतं का, तेही विचारा. तो दुसरा आकडा रिपोर्टवर असला, तर छातीच्या डॉक्टरांना दोन्ही दाखवा.