लिंबावरच्या अळ्या आणि मे महिन्यातली बाग

प्रश्न : ताई, इंदिरानगरात घरामागे आमची दहा बाय बारा फुटांची जागा आहे. थंडीत लावलेले पिटुनिया मार्चमध्येच करपले. उन्हाळ्यात टिकतील, दरवर्षी नव्यानं लावावी लागणार नाहीत आणि ज्यांवर पक्षी-फुलपाखरं येतील अशी झाडं सुचवा. शिवाय लिंबाची कोवळी पानं अळ्यांनी फस्त केली आहेत. नर्सरीतून औषध आणून ठेवलंय, कधी फवारू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अळ्यांचं आधी सांगते, कारण बाटली घरात आलेली आहे. फवारू नका.

अळी लहान असताना पाखराच्या शिटेसारखी दिसते का? मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते? मग ती लिंबावरच्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची. आपलं राज्य फुलपाखरू राणी पाकोळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. दोनेक आठवडे अळी खाते, मग कोषात जाते, आणि लिंबू पुन्हा फुटतं. रोप अगदी वीतभर असेल तर निम्म्या अळ्या उचलून एखाद्या मोठ्या लिंबावर सोडा. पानांवर चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या तर ती मात्र नागअळी. तेवढी पानं खुडून टाका.

पंचवटीतल्या माझ्या अंगणात एका एप्रिलमध्ये शिंपी पक्ष्यानं अनंताची दोन पानं कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी शिवून घरटं केलं होतं. त्याच आठवड्यात मावा पडला म्हणून मी शेजारच्या जास्वंदीवर औषध मारलं. त्याच जास्वंदीवरचे किडे नर-मादी पिल्लांना नेऊन भरवत होती, आणि ते मी रोज सकाळी चहा घेताना बघत होते! तिसऱ्या दिवशी घरट्यातला चिवचिवाट थांबला. त्यानंतर मी असली बाटली घरात आणलेली नाही. मावा पाण्याच्या जोरदार धारेनंही धुऊन जातो, उरलेला ढालकिडे खातात.

आता झाडं. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही फुलणारा शंकासूर एका कोपऱ्यात लावा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी छाटत जा. नाहीतर जागा खाईल. त्यावर आणि साध्या एकेरी जास्वंदीवर शिंजीर येतोच. दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदीचा हट्ट धरू नका, तिच्यात चोच शिरवणं पाखरांना अवघड जातं. एक्झोरा आणि सदाफुली बिनतक्रार टिकतात. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, चार तरी मधमाश्यांसाठी राहू द्या. हळदीकुंकू नावाचं फुलझाड मात्र जरूर लावा. काळ्या-पांढऱ्या टोकांची केशरी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात. त्याचा चीक डोळ्याला लागू देऊ नका, एवढंच.

मोगरा तुमच्याकडे असेलच. त्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीतली; आता कात्री लावलीत तर कळ्याच जातील.

आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते आणि मुळं उघडी पडतात. बुंध्याभोवती चार बोटं जाडीचा पालापाचोळा पसरा. उसाचं पाचट मिळालं तर उत्तमच. पाणी संध्याकाळी, झाऱ्यानं नव्हे तर बुंध्याशी. सावलीत मातीचं पसरट परळ ठेवा, त्यात मधमाश्यांना बसायला दगड टाका, आणि पाणी रोज बदला म्हणजे डास होणार नाहीत. परळाखालची जमीन थोडी ओली राहू द्या. फुलपाखरं त्या चिखलातले क्षार शोषायला येतात, दुपारी खिडकीतून बघत बसा.

आणि एक कंद : फुटबॉल लिली. वर्षातले कितीतरी महिने जमिनीवर तिचा मागमूस नसतो. मग मे महिन्यात, वळवाच्या सरी पडल्या की नुसत्या दांड्यावर लाल चेंडू उभा राहतो. कंद लावाल तिथे वीट रोवून ठेवा. माझे दोन कंद मीच खुरप्यानं कापलेत.