केनियाची मिशन ट्रिप, आईच्या पाटल्या आणि नर्सिंगचं सेकंड इयर

नगरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी १९ वर्षांची, बीएस्सी नर्सिंगच्या सेकंड इयरला. चर्चच्या युथ ग्रुपबरोबर मे महिन्यात १६ दिवस केनियाला जायचं म्हणते, किसुमू शहराजवळच्या एका खेड्यात, मिशन ट्रिप. बारा जण जाणार, माणशी खर्च १ लाख ८५ हजार. तिकडे मुलांचं व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतले बायबलचे वर्ग) घ्यायचं, शाळेची एक खोली बांधायची, मेडिकल कॅम्प करायचा आणि दोन दिवस अनाथाश्रमात. आई विचारते की सीव्हीला याचा फायदा होईल का, पुढे फॉरेनला नर्स म्हणून जाताना उपयोग होईल का, पोरगी सेफ राहील ना, आणि पैशासाठी माझ्या पाटल्या पतसंस्थेत ठेवू का. मुलीचं पत्रात एकच वाक्य आहे, "मम्मी, हे देवाचं पाचारण आहे." म्हणजे देवाचं बोलावणं.

ताई, जय ख्रिस्त.

पाटल्यांचं आधी सांगते कारण ते सोपंय. ठेवू नका. बाकीचं सगळं वाचून तुम्ही पाठवायचं ठरवलंत तरी सोनं गहाण टाकून नको, ग्रुपला सांगा की आमच्याकडे एवढेच आहेत, चर्चची मंडळी मदत करत असेल तर बघू, नसेल तर पुढच्या वर्षी. सोळा दिवसांच्या ट्रिपचं व्याज पुढची तीन वर्षं फेडत बसायचं आणि त्यात तिची थर्ड इयरची फी, हे गणित मला तरी झेपत नाही.

पाचारणाबद्दल मी काही बोलणार नाही. मी ख्रिस्ती नाही, पण नगर कॉलेजची जुनी विद्यार्थिनी आहे, माझ्या निम्म्या मैत्रिणी तुमच्याच मंडळीतल्या, ख्रिसमसच्या करंज्या खाऊन मोठी झालेय, त्यामुळे या शब्दाचं वजन मला माहितीये. एवढंच म्हणेन की पाचारण असेल तर ते मे महिन्याच्या तिकिटाबरोबर एक्स्पायर होत नाही, थांबतं ते. तिच्या नोकरी-करिअरचं मात्र मी बोलू शकते.

तर तुम्ही जो कार्यक्रमाचा कागद पाठवलाय तो मी दोनदा वाचला आणि मला एकच गोष्ट खटकली, तारखा. मे का? कारण मे मध्ये आपल्याकडे सुट्टी. पण केनियात मे मध्ये सुट्टी नसते हो. त्यांचं शाळेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं, एप्रिलमध्ये सुट्टी, मग दुसरी टर्म चालू होऊन पुढची सुट्टी येते ती ऑगस्टमध्ये. म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल घ्यायला निघालेत आणि तिकडे व्हेकेशनच नाही! पोरं वर्गात असणार, मग एक तर शाळा बुडवून त्यांना आणून बसवणार नाहीतर संध्याकाळी दमून आलेली. दुसरं, तिकडचा मोठा पाऊस मार्च ते मे. आपल्याकडे उन्हाने जीव जातोय आणि तिकडे चिखल, आणि बरोबर त्याच महिन्यात यांना खोली बांधायची आहे. आता तुम्ही नगरच्या कुठल्याही गवंड्याला विचारा की श्रावणात पाया खणून देतोस का, बघा तो काय म्हणतो.

यावरून मला एवढंच कळतं की तारीख ठरवताना जाणाऱ्यांचं कॅलेंडर बघितलं गेलं, जिथे जायचंय त्यांचं नाही. कुणाची नियत वाईट आहे असं नाही म्हणत, पाळक साहेब, म्हणजे तुमचे पास्टर, मनापासून करत असतील. पण एकदा हे लक्षात आलं की पूर्ण कागद वेगळा दिसायला लागतो. खोली बांधायची आहे, पण बारा जणांपैकी कुणी कधी माल कालवलाय का? तिकडे गवंडी नाहीत का? १२ गुणिले १ लाख ८५ हजार म्हणजे २२ लाख २० हजार होतात, त्यातले त्या शाळेच्या खोलीला किती जाणार आणि विमान-हॉटेलला किती, हे लिहून मागा. आणि सुवार्तेचं, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायचं म्हणाल तर केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत ८५ टक्क्यांच्या आसपास लोक ख्रिस्ती आहेत, आपल्या महाराष्ट्रात २०११ ला एक टक्काही नव्हते. त्या हिशोबाने खरंतर त्यांनी इकडे यायला हवं, रविवारच्या उपासनेत गाणी तरी भारी होतील.

माझ्याकडे येणारा एक मुलगा तीनेक वर्षांपूर्वी अशाच ट्रिपला दुसऱ्या एका देशात जाऊन आला, ग्रुपचं नाव नाही सांगत. त्याला शाळेची भिंत रंगवायचं काम दिलं होतं. भिंत खरवडायला घेतली तर वरचा पोपटी निघाला, खाली निळा, त्याच्या खाली पिवळा, आणि निळ्यावर कुणाच्या तरी हाताचे ठसे आणि खाली आधीचं एक साल लिहिलेलं. दरवर्षी एक ग्रुप येतो आणि तीच भिंत रंगवतो. पत्रा गळत होता म्हणे दोन ठिकाणी, त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, हेडमास्तर स्वतः रंगाची बादली धरून उभे. पोरगं परत आलं ते गप्पच होतं, मंडळीत साक्ष द्यायला उभं केलं तर काय बोलावं कळेना त्याला. आणि गंमत म्हणजे पुढे एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या मास्टर्सच्या) इंटरव्ह्यूला त्याने ही भिंतच सांगितली आणि पॅनलने बाकीचं सोडून त्यावरच प्रश्न विचारले. सीव्हीवरची ओळ कुणी बघितलीसुद्धा नाही.

हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर समजा. "इंटरनॅशनल व्हॉलंटियर, केनिया, १६ दिवस" असं लिहिलं तर हॉस्पिटलची नर्सिंग सुपरिंटेंडंट ते वाचून पुढे जाईल. तिला बघायचंय की ही मुलगी नाइट ड्यूटीला टिकते का. फॉरेनचं म्हणाल तर तिकडे या ट्रिपचे मार्क शून्य. अमेरिकेला नर्सिंगची एनक्लेक्स परीक्षा द्यावी लागते, यूकेला इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ किंवा मग ओईटी ही इंग्रजीचीच दुसरी परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषा आणि तीही वॉर्डात पेशंटशी बोलता येईल इतकी. डिग्री, रजिस्ट्रेशन, अनुभव आणि भाषा, बास. एवढाच पैसा तिच्यावर घालायचा असेल तर पुण्यात जर्मनचा क्लास लावा, पाटल्या न मोडता लागेल.

अजून एक, कॉलेजला विचारलंय का? नर्सिंगला थिअरी-प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी लागते आणि डिग्री हातात पडायच्या आधी क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातली ड्यूटी, १०० टक्के पूर्ण करावी लागते. सोळा दिवस आणि जाण्यायेण्याचे धरून पोस्टिंगमध्ये आले तर ते दिवस नंतर भरून द्यावे लागतील, लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर मॅडम नंतर हात वर करतात.

आता जे मला खरंच काळजीचं वाटतं ते. मेडिकल कॅम्प. सेकंड इयरची मुलगी, तिकडे रजिस्ट्रेशन नाही, इकडेसुद्धा अजून नाही, आणि तिला तिकडे पांढरा कोट घालून उभं करणार. लोक तिला डॉक्टरच समजतील. इकडे ती सिस्टरने बघितल्याशिवाय इंजेक्शन देते का? नाही ना. मग तिकडची बाई गरीब आहे म्हणून तिच्यावर का शिकायचं? व्हिक्टोरिया तळ्याच्याच काठावर युगांडात जिंजा म्हणून गाव आहे, तिथे एक अमेरिकन मुलगी विशीत असताना मिशनच्या भावनेने गेली, कुपोषित मुलांसाठी केंद्र काढलं, मेडिकलचं शिक्षण काहीच नाही. त्या केंद्रात शंभराच्या वर मुलं दगावली, २०१९ ला आयांनी कोर्टात खेचलं आणि २०२० ला पैसे देऊन ते मिटवावं लागलं. तीही चांगलं करायच्या भावनेनेच गेली होती, म्हणूनच सांगतेय. तर कॅम्पमध्ये तिने फार तर नावनोंदणी करावी, पाणी द्यावं, रांग लावावी. बीपीचा पट्टासुद्धा तिकडच्या रजिस्टर्ड नर्सने सांगितल्याशिवाय हातात घेऊ नये. हे तिने स्वतः ग्रुप लीडरला जायच्या आधी सांगायचं, तिकडे गेल्यावर सगळ्यांसमोर नाही म्हणायला जमत नाही त्या वयात.

आणि अनाथाश्रमाचे दोन दिवस सरळ रद्द करायला लावा. अनाथाश्रमातल्या बऱ्याचशा मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, युनिसेफ वगैरे सगळे हे वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत. गरिबीमुळे ठेवलेली असतात, आणि पाहुणे येतात, फोटो काढतात, देणग्या देतात म्हणून ठेवलेलीच राहतात. केनिया सरकारने तर २०१७ पासून नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली, मुलं घरी, नातेवाइकांकडे राहावीत म्हणून. आपल्याकडे वाढदिवसाला केक घेऊन बालगृहात जातात ना, त्या दिवशी ती पोरं कशी बिलगतात बघितलंय का कधी? दोन दिवस दीदी दीदी करून गळ्यात पडायचं आणि तिसऱ्या दिवशी दीदी विमानात. पुढच्या महिन्यात दुसरी दीदी.

सेफ्टीचं पटापट सांगते. यलो फिव्हरची लस घ्यावीच लागेल, जायच्या किमान १० दिवस आधी, ठरलेल्या सरकारमान्य केंद्रावरच, आणि ते पिवळं कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच एअरपोर्टवर क्वारंटाइनमध्ये बसवतात. किसुमूचा भाग म्हणजे तळ्याकाठचा, केनियातला सगळ्यात जास्त मलेरियाचा पट्टा, नैरोबीसारखं नाही, त्यामुळे मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरला विचारून. व्हिसाच्या जागी २०२४ पासून ईटीए म्हणजे प्रवासाची परवानगी ऑनलाइन काढावी लागते, त्यात "टुरिस्ट लिहा, कोण बघतंय" असं लीडर म्हणाला तर मान डोलावू नका. तात्पुरत्या कामासाठी त्यांच्याकडे स्पेशल पास म्हणून प्रकार आहे, कोणता कागद लागतो ते तिकडच्या चर्चने त्यांच्या इमिग्रेशनला विचारून लेखी कळवावं. पासपोर्ट तिच्याच पर्समध्ये, "सगळ्यांचे माझ्याकडे ठेवतो" हे चालणार नाही. मुलींची राहायची सोय कुठे, बरोबर मोठी बाई कोण, इन्शुरन्स कुणाचा, हे तीन प्रश्न विचारले म्हणून कुणी तुमच्या विश्वासावर शंका घेत असेल तर घेऊ द्या.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की बाई नाहीच म्हणतेय. तसं नाही. विमानात बसणं, दुसऱ्या देशात जाऊन आपण तिथे काहीच येत नसलेले आहोत हे कळणं, १९ व्या वर्षी फार भारी असतं, मी स्वतः पासपोर्ट काढला तो चाळिशीत. मला फक्त कागदावरचं "सेवा" पुसून तिथे "शिकणं" लिहायचंय. केनियात २०२३ ला एक लाखाच्या आसपास कम्युनिटी हेल्थ प्रमोटर नेमले, किट देऊन, घरोघरी जाणाऱ्या, आपल्या आशाताईंसारख्याच. ग्रुपने तिकडच्या चर्चला विचारून तिला पाच-सहा दिवस अशा एखादीच्या मागे फिरू द्यावं, फक्त बघायला, वहीत लिहायला. तिकडच्या लुओ भाषेतले पन्नास शब्द आधी पाठ करून जावं. हे जमवत असतील आणि पाटल्या न मोडता होत असेल तर पाठवा.

नाहीतर ताई, माझ्या मनातलं सांगू का? जामखेड. तुमच्याच जिल्ह्यात, नगरहून एसटीने दोन-अडीच तास. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघेही ख्रिस्ती, दोघेही वेल्लोरला शिकलेले, १९७० ला तिथे आले आणि शाळेचं तोंडही न बघितलेल्या गावातल्या बायांना आरोग्यसेविका केलं, बाळंतपण, लसी, पाणी, कुष्ठरोग, सगळं त्या बायांनी केलं. १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला दोघांना. परदेशातून डॉक्टर-नर्स ते काम बघायला, शिकायला जामखेडला येतात, आणि आपल्या पोरीला अजून ते माहितीये की नाही देव जाणे. सुट्टीत शिकाऊ मुलींना येऊ देतात का ते फोन करून विचारा, भाषा मराठी, पेशंट मराठी, पहिल्या दिवसापासून कळेल तिला काय चाललंय ते. आणि मिशन करायचंच असेल तर डिग्री, रजिस्ट्रेशन, दोन-तीन वर्षं वॉर्डात घासून मग जाऊ दे की. मर्सी शिप्स म्हणून ऑपरेशन थिएटर असलेली ख्रिस्ती संस्थेची जहाजं आहेत, आफ्रिकेच्या बंदरात उभी राहतात, तिथे रजिस्टर्ड नर्स लागतात, अनुभव असलेल्या, आणि तिथेही आपला खर्च आपणच करायचा असतो. पण तेव्हा तो तिच्या पगारातून असेल.

येत्या रविवारी पाळक साहेबांना बाकी काही नको, फक्त मे मध्ये तिकडे शाळा चालू आहेत का एवढंच विचारा आणि ते काय म्हणतात ते मला कळवा. आणि पुढचं पत्र तुम्ही नका लिहू, लेकीला लिहायला सांगा. दोन पानी पत्रात ती कुठेच नाही हो, एक पाचारणाचं वाक्य सोडलं तर. नर्सिंग तिने स्वतः घेतलं की मार्क बघून मिळालं, आत्तापर्यंतच्या पोस्टिंगमध्ये कुठला वॉर्ड आवडला आणि कुठल्या वॉर्डातून कधी एकदा सुटते असं झालं, हे तिच्याकडून ऐकायचंय मला.