आधी काकांची उधारीची वही, मग सर्टिफिकेट

गोव्यातल्या साखळीहून आलेलं पत्र, थोडक्यात: मी फर्मागुडीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघं माझ्या काकांच्या किराणा दुकानासाठी ॲप करतोय. रोज स्टँडअप, म्हणजे उभ्या उभ्या छोटी मीटिंग, घेतो. दोन महिन्यांत लॉगिन आणि रिपोर्टची पानं झाली. काकांनी बघितलं आणि विचारलं, "उधारी खंय बरोवपाची?" (उधारी कुठं लिहायची?) इंटर्नशिपच्या मुलाखतीत स्क्रम आणि एक्सपी (एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग) या सॉफ्टवेअर करण्याच्या दोन पद्धतींतला फरक विचारला, मी मीटिंगांची नावं सांगितली. सीनियर म्हणतो स्क्रमचं सर्टिफिकेट घे. बाबा पैसे द्यायला तयार आहेत. घेऊ का?

आत्ता नको. बाबांना सांग, पैसे राहू देत.

मीटिंगांची नावं कुणालाही पाठ होतात. कुठली पद्धत कशाला जपते, हे तुला कळलंय का, ते मुलाखत घेणाऱ्यांना बघायचं असणार.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्डला, १७ जण जमले. स्क्रमवाले, एक्सपीवाले, आणखीही काही. या पद्धतींमागचा सामायिक विचार त्यांनी एका पानावर लिहिला, तो 'अजाइल' जाहीरनामा. चार गोष्टींवर त्यांचं जमलं: प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाची साथ, आखलेल्या बेतापेक्षा बदलाला दिलेला प्रतिसाद. मुलं यातला 'पेक्षा' गिळून टाकतात आणि कागदपत्रं लिहायचीच नसतात असं ठरवून मोकळी होतात. 'पेक्षा'च्या आधीच्या गोष्टींनाही किंमत आहे, हे त्याच पानावर लिहिलेलं आहे.

आता स्क्रम. त्याची पाच मूल्यं: बांधिलकी, एकाग्रता, मोकळेपणा, आदर, धैर्य. एक्सपीची: संवाद, साधेपणा, अभिप्राय, धैर्य, आणि नंतर घातलेला आदर. दोन नावं सारखीच, पण फरक बाकीच्यांत आहे. स्क्रम टीमचं काम बांधून देतं: महिनाभर किंवा त्याहून छोटा स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेला टप्पा, त्याचं एक ध्येय, शेवटी झालेलं काम लोकांपुढं. कोड कसा लिहायचा, यावर ते अवाक्षर काढत नाही. एक्सपी थेट कीबोर्डपाशी येऊन बसतं. आधी टेस्ट लिहा, दोघांनी एका मशीनवर बसा, कोड दिवसातून अनेकदा एकत्र करा. केंट बेक यांनी १९९०च्या दशकात क्रायस्लरच्या पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करताना हे घडवलं. तुला अजून कोडच लिहायचाय, म्हणून माझं मत विचारशील तर आधी एक्सपी शीक. त्याला फी लागत नाही, सोबत बसणारी एक मैत्रीण लागते.

तिसरी पद्धत कानबान: तिला स्प्रिंट लागत नाही, हातातल्या कामाला मर्यादा लागते. फोंड्यातल्या माझ्या नेहमीच्या खानावळीत तव्यावर चारच बांगडे मावतात. पाचवा तव्यावर कोंबला तर सगळेच मऊ पडतात, म्हणून मालकीण आधीचा उतरल्याशिवाय पुढचा टाकत नाही, गिऱ्हाईक कितीही ओरडो. मर्यादा घालायची ती अशी. तुम्हा चौघांची मिळून किती कामं अर्धवट आहेत, मोजून बघ.

तुमच्या स्टँडअपचं काय होतंय, ते मी इथं बसून सांगतो. प्रत्येकजण काल काय केलं, आज काय करणार, काय अडलंय, ते म्हणून दाखवतो. हजेरीच ती. स्क्रमच्या अधिकृत गाईडमधून ते तीन ठराविक प्रश्न २०२० मध्ये काढून टाकलेत. १५ मिनिटं असतात ती स्प्रिंटच्या ध्येयाकडं सरकतोय का ते बघून दिवसाचा बेत बदलायला. तुमच्याकडं ध्येयच नाही, तर बघणार कशाकडं? (ते गाईड फुकट मिळतं, पंधरा पानांचंही नाही. सर्टिफिकेटच्या आधी तेवढं वाच. नोकरी लागल्यावर कंपनीनं मागितलं, तर सर्टिफिकेट तेव्हा घे. पुष्कळदा फी कंपनीच भरते.)

येत्या शनिवारी संध्याकाळी गर्दीच्या वेळी काकांच्या गल्ल्याशेजारी बस. लॅपटॉप नको. उधारीची वही ते कशी उघडतात, नाव कुठल्या खुणेनं शोधतात, कुणाचं वहीत लिहितात आणि कुणाचं नुसतं लक्षात ठेवतात, ते बघ. मग चौघं मिळून एका आठवड्याचं एकच ध्येय ठरवा: पुढच्या शनिवारी काका स्वतःच्या हातानं एक उधारी ॲपमध्ये टाकतील. नाव, रक्कम, तारीख. लॉगिन तोवर बंद ठेवलंत तरी चालेल, फोन काकांचाच आहे.